निवाऱ्यातली रात्रपाळी

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री उचलून निवारा केंद्रांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. पुढे ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून पुन्हा तिथे सोडायची नाहीत, असं ठरलं. या तीन तारखांभोवती देशभर कडाक्याचे वाद झाले. जागा किती लागेल, पैसा कुणी द्यायचा, चावे कमी होतील का, सगळं बोलून झालं. पण आत नेलेल्या कुत्र्याला रात्री दोन वाजता फिट आली तर त्याच्याजवळ कोण असेल, हे विचारणारे आवाज फार थोडे होते.

शेल्टर चालवणाऱ्यांचा मात्र तो रोजचा प्रश्न आहे. या क्षेत्रात जे लिहिलं गेलंय आणि जे केलं जातंय, ते वाचून-बघून माझं मत बनलं आहे ते असं: निवाऱ्यातलं जनावर दगावतं तेव्हा औषध नव्हतं किंवा डॉक्टर हुशार नव्हता, असं फार क्वचित असतं. आत आल्यावर त्याला कुठे ठेवायचं, पहिला हात कुणी लावायचा, रात्री कोण बसायचं आणि उपचार कुठे थांबवायचे, हे आधी ठरलेलं नसतं. ऐनवेळी ठरवायला गेलं की तास निघून जातात.

प्राण्यांना आसरा देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या हुकुमावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईचं पांजरपोळ उभं राहिलं. चारापाणी, डोक्यावर छप्पर आणि मरेपर्यंत सांभाळ, एवढं त्यात अभिप्रेत होतं. उपचार आले ते वेगळ्या वाटेने. १८७४ साली प्राण्यांच्या छळाविरुद्ध काम करणारी संस्था मुंबईत स्थापन झाली, परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं रुग्णालय झालं आणि तिथेच १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आसरा देणारे एकीकडे आणि उपचार करणारे दुसरीकडे, ही फाळणी तेव्हापासूनची आहे. आजही गावोगावच्या गोशाळेत डॉक्टर ‘बोलावला’ जातो, तो तिथला नसतो.

सरकारी यंत्रणा उभी राहिली ती शेतकऱ्याच्या गोठ्यासाठी. तालुक्याचा दवाखाना, श्रेणी दोनच्या दवाखान्यातले पशुधन पर्यवेक्षक, १९६२ क्रमांकावर फोन केला की येणारं फिरतं पथक, या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे गाय, म्हैस, शेळी आहे. केंद्राच्या योजनेत साधारण एक लाख पशुधनामागे एक फिरतं पथक धरलं आहे. ज्याचं पोट जनावरावर आहे त्याला आधी मदत मिळावी, हे रास्तच आहे. पण २०१९च्या पशुगणनेत देशात १.५३ कोटी भटकी कुत्री आणि सुमारे ५० लाख मोकाट गुरं मोजली गेली. त्यांच्यासाठी फोन कुणी करायचा आणि पथकाने कुणाच्या नावावर नोंद करायची? गुजरातने २०१७ मध्ये हाच १९६२ क्रमांक शहरांतल्या बेवारस प्राण्यांसाठी ‘करुणा’ अ‍ॅम्ब्युलन्सला जोडला. आपल्याकडे हे काम मुख्यतः संस्थांच्या खांद्यावर आहे. मुंबईत वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज, देवनारची इन डिफेन्स ऑफ अ‍ॅनिमल्स, पुण्यात २००७पासून काम करणारी रेस्क्यू. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं चोवीस तास चालणारं रुग्णालय सुरू झालं आणि मुंबईतल्या कुत्र्यामांजरांची मोठी सोय झाली.

तरीही रुग्णालयातला रुग्ण आणि शेल्टरमधला रुग्ण यांत फरक राहतोच. रुग्णालयात जनावरासोबत माणूस असतो. कालपासून खात नाही, सकाळी दोनदा उलटी झाली, लस अमुक महिन्यात दिली, हे तो सांगतो. शेल्टरच्या फाटकाशी रिक्षातून गोणपाटात गुंडाळून आणलेल्या कुत्र्याला कसलाच इतिहास नसतो. आणणारा पाच मिनिटांत निघून जातो. त्याने सांगितलेलं ‘कोपऱ्यावर पडलं होतं’ एवढंच केसपेपरवर लिहायचं. म्हणून दारात असलेल्या माणसाला बघता यायला हवं, आणि हे शिकवता येतं.

गाडीखाली आलेलं कुत्रं उठून चार पावलं चाललं की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. खरं तर त्याच वेळी त्याच्या पोटात रक्तस्राव चालू असू शकतो, मूत्राशय फुटलेलं असू शकतं, छाती आणि पोट यांच्यामधला पडदा फाटून आतडी वर सरकलेली असू शकतात. ओठ उचलून हिरडी बघावी: गुलाबी आहे की पांढरी पडली आहे? बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांच्या आत परत यायला हवा. पंजे गार लागतात का, श्वास पोटातून ओढतंय का, एवढं बघायला डॉक्टर लागत नाही. उचलायचं ते फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर. तोंड बँडेजच्या पट्टीने बांधायचं, कारण वेदनेत गरीब कुत्रंही चावतं. पण धाप लागलेली असेल किंवा उलटी होत असेल तर बांधायचं नाही. तोंडात पाणी ओतायचं नाही. आणि घरातली माणसांची गोळी तर कधीच द्यायची नाही. पॅरासिटामॉलने मांजर मरतं आणि आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. उन्हाळ्यात विदर्भातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे गेल्यावर कोसळलेल्या जनावराला बर्फात बुडवायचं नसतं. साधं पाणी ओतून वारा घालायचा आणि ताप १०३ फॅरनहाइटच्या आसपास उतरला की थांबायचं. हे सारं एका फलकावर मावतं. तो फलक अनेक ठिकाणी नाही, याचं मला वाईट वाटतं.

लोकांच्या लेखी आणीबाणी म्हणजे अपघात. शेल्टरच्या टेबलावर मात्र अळ्या पडलेलं जनावर अपघाताइतकंच नेहमीचं. आधी वास येतो. मग कानामागे किंवा मानेवर केसांचा ओला गुंता दिसतो, तो कात्रीने कापला की खाली रुपयाएवढं भोक, आणि त्याच्या आत सगळं हलत असतं. माशीने घातलेल्या अंड्यांतून एका दिवसाच्या आत अळ्या निघतात आणि जिवंत मांस पोखरत खोल जातात. आधी वेदनाशामक द्यायचं. मग टर्पेंटाईनमध्ये भिजवून पिळलेला बोळा जखमेच्या तोंडाशी काही मिनिटं धरायचा, हवेसाठी अळ्या वर येऊ लागतात, त्या चिमट्याने एकेक टिपायच्या. टर्पेंटाईन आत सोडून द्यायचं नाही, ते कातडी भाजतं. सलाईनने धुवायचं, पुन्हा बघायचं, कोपऱ्यात पोकळी असेल तर तिथे अजून दहावीस असतात. दुसऱ्या दिवशी परत तेच. डोळ्याजवळची किंवा श्वासनलिकेजवळची जखम असेल तर दोन दिवसांची दिरंगाई म्हणजे डोळा गेला किंवा जीव गेला. हे काम बहुतेक वेळा डॉक्टर करत नाही. पट्टी बांधणारा, सलाईन धरून बसणारा, पिंजरा धुणारा जो माणूस असतो तो करतो. त्याच्या हातात जे कसब असतं त्याची नोंद कुठल्याच प्रमाणपत्रावर नसते. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ नुसार उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचे आहेत आणि किरकोळ सेवा पदविकाधारकाने त्याच्या देखरेखीखाली. ते योग्यही आहे. पण जखम धुणाऱ्या या माणसाचं प्रशिक्षण, पगार आणि बढती यांचा विचार कुठल्याच नियमात नाही.

पार्व्होची गोष्ट याहून अवघड. १९७८ मध्ये जगाला कळलेला हा विषाणू पिल्लाच्या आतड्याचं अस्तर आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी दोन्ही संपवतो. रक्ताचे जुलाब, न थांबणाऱ्या उलट्या आणि त्या वासाची एकदा ओळख झालेला माणूस दारातूनच सांगतो, ‘पार्व्हो आहे.’ उपचार न केलेल्या पिल्लांपैकी दहातली नऊ दगावतात. उपचार मात्र साधे आहेत: शरीरात पाणी, उलट्या थांबवण्याचं औषध, अँटिबायोटिक, ऊब, आणि पोटात काही ठरू लागताच थोडं थोडं खायला. अमेरिकेत ऑस्टिनच्या एका निवाऱ्याने २००८पासून पार्व्होच्या पिल्लांसाठी स्वतंत्र कक्ष चालवला. एका दशकाहून अधिक काळातल्या पाच हजारांवर पिल्लांची नोंद त्यांनी प्रसिद्ध केली, त्यातली ८६ टक्क्यांहून अधिक वाचली होती. त्या कक्षातलं बरंचसं काम प्रशिक्षित स्वयंसेवक करत आणि काय करायचं ते पशुवैद्यकाने लिहून ठेवलेलं असे. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या छोट्या अभ्यासात आणखी कामाची गोष्ट दिसली. शिरेतून सलाईन आणि रात्रंदिवस देखरेख मिळालेली ९० टक्के पिल्लं वाचली. कातडीखाली पाणी देऊन ठरावीक इंजेक्शनांवर ठेवलेली ८० टक्के. ज्या शेल्टरमध्ये रात्री शीर सांभाळणारं कुणी नाही, तिथे हा दुसरा मार्ग हाती असतो आणि तो स्वस्तही आहे.

मात्र यासाठी पिल्लू बाकीच्यांपासून वेगळं ठेवलेलं हवं, आणि इथेच आपली बहुतेक शेल्टरं कोसळतात. पार्व्होचा विषाणू जमिनीत, फटीत, बुटाच्या तळाला महिनोन्महिने टिकतो. फिनेलने तो जात नाही, स्पिरिटने जात नाही. ब्लीच लागतं, तेही घाण आधी धुऊन काढल्यावर. एकच झाडू, एकच बादली आणि एकच माणूस सगळे पिंजरे करत असेल तर त्याने आधी निरोगी पिल्लं करावीत आणि शेवटी आजारी, एवढा क्रम बदलला तरी मृत्यू कमी होतात. दारात आल्याआल्या लस टोचावी, आठवडाभर वाट बघू नये, हेही शेल्टर वैद्यकाचं ठाम सांगणं आहे. न्यायालयाच्या आदेशानंतर घाईघाईने शेकडो कुत्री एका आवारात आणली गेली तर सगळ्यात मोठं संकट चाव्यांचं नसेल, पार्व्हो आणि डिस्टेंपर या साथींचं असेल.

किती जनावरं घ्यायची, हा मला या सगळ्या विषयाचा कणा वाटतो. अमेरिकेतल्या शेल्टर पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१० मध्ये देखभालीचे निकष प्रसिद्ध केले आणि २०२२ मध्ये ते सुधारले. पिंजरे किती आहेत याला त्यात अर्थ नाही, सांभाळ किती जणांचा होऊ शकतो ते मोजायचं आहे. नुसतं खाऊ घालणं आणि सफाई यांसाठी दर जनावरामागे दिवसाला पंधरा मिनिटं, असा तिकडचा जुना हिशोब. म्हणजे आठ तासांत एक माणूस, जेवायला न उठता, बत्तीस कुत्री करू शकतो. औषध, ड्रेसिंग, सलाईन त्यात धरलेलं नाही. आपल्याकडे दोन माणसांवर शंभराच्या वर कुत्री असणं ही नवलाची गोष्ट नाही. मग संध्याकाळी मलूल दिसलेल्या पिल्लाकडे सकाळी लक्ष जातं आणि तोवर ते थंड पडलेलं असतं. ‘नाही’ म्हणणं इथे निर्दयपणा वाटतो, देणगीदारही नाराज होतात. पण शंभरावं जनावर घेताना आधीच्या नव्व्याण्णवांच्या वाट्याची मिनिटं कापली जातात. कुठलं शेल्टर किती घेणार, हे कागदावर ठरवून फाटकावर लावायला हवं, आणि जिथे जागा नाही तिथे पर्यायी दवाखान्याचा नंबरही.

रेबीजबद्दल दोन गोष्टी तातडीने सांगायला हव्यात. पिसाळलेलं कुत्रं म्हणजे धावून येणारं, असा आपला समज. पण रेबीजचा एक प्रकार मुका असतो. जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं, घशात हाड अडकलंय. तो कळवळून तोंडात हात घालतो. शेल्टरमधल्या प्रत्येकाने, अगदी हिशोब लिहिणाऱ्यानेही, आधीच लस घेतलेली असली पाहिजे आणि जबडा लोंबणाऱ्या जनावराला हातमोजे घातल्याशिवाय कुणीही शिवू नये. दुसरं म्हणजे हे संकट मोठ्या प्रमाणावर रोखता येतं. गोव्यात मिशन रेबीज या संस्थेने राज्य सरकारच्या बरोबरीने घरोघर आणि गल्लोगल्ली कुत्र्यांचं लसीकरण केलं, संशयित कुत्र्याची खबर देण्यासाठी हेल्पलाइन आणि तातडीने पोचणारं पथक ठेवलं. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. एका फोनवर निघणारी गाडी ही तिथल्या यशाची निम्मी बाजू आहे, असं मी मानतो.

गुरांची आणीबाणी वेगळी, संथ आणि शहराने लादलेली. उकिरड्यावर चरणाऱ्या गायीच्या पोटात प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा साठत जातो, पोट फुगतं, रवंथ थांबतं. शस्त्रक्रियेने कोठीपोट उघडून तो काढता येतो. पण अशक्त जनावर ती झेलेल का, हे आधी पाहावं लागतं. महाराष्ट्रात २०१५ नंतर गोवंशहत्याबंदीची व्याप्ती बैलांपर्यंत वाढली आणि म्हाताऱ्या, जायबंदी जनावरांचा ओघ गोशाळांकडे वळला. त्यांच्या वेदना कमी करताना एक काळजी घ्यावी लागते. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावराचं कलेवर खाऊन गिधाडं मेली, म्हणून २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी आली. २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवरही. मेलॉक्सिकॅम सुरक्षित आहे. मोठ्या बाटलीतलं माणसांचं डायक्लोफेनॅक अजून कुठे गोशाळेच्या कपाटात असेल तर ते आजच फेकून द्यावं.

संक्रांतीच्या आठवड्यात पक्षी येतात, नायलॉनच्या मांज्याने पंख कापलेले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्या मांज्यावर बंदी घातली, विक्री थांबलेली नाही. घार, घुबड, माकड अशा वन्यजीवांना शेल्टरने प्रथमोपचार करून वनखात्याला कळवायचं असतं. १९२६ हा वनखात्याचा क्रमांक प्रत्येक भिंतीवर हवा.

आता दयामरणाचा प्रश्न. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातलं एक वासरू असह्य वेदनेत तडफडत होतं. गांधीजींनी डॉक्टरकडून इंजेक्शन देऊन त्याला मरण दिलं आणि त्याबद्दल ‘नवजीवन’मध्ये उघडपणे लिहिलं. देशभरातून संतापाची पत्रं आली, ते मागे हटले नाहीत. जवळपास शंभर वर्षं झाली, आपला अवघडलेपणा तसाच आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० यातनेत असलेल्या जनावराला मरण देण्याची वाट ठेवतो. २०२३च्या श्वान जन्मनियंत्रण नियमांत बऱ्या न होणाऱ्या किंवा मरणासन्न जखमी कुत्र्याला समितीने नेमलेल्या पथकाने तपासून, पशुवैद्यकाने वेदनारहित पद्धतीने दयामरण द्यावं, अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात शनिवारी रात्री कणा मोडलेलं, फुप्फुसात रक्त साचलेलं कुत्रं आलं की पथक सोमवारपर्यंत भेटत नाही. ‘देव नेईल तेव्हा नेईल’ म्हणून त्याला कोपऱ्यात ठेवणं हीही क्रूरता आहे, आणि ती आपण चांगुलपणाच्या नावाने करतो. कणा मोडलेली सगळी कुत्री मारावीत, असं मला मुळीच म्हणायचं नाही. मागचे पाय गेलेली कितीतरी कुत्री चाकाच्या गाडीवर आनंदाने जगतात. म्हणूनच निकष आधी लिहून ठेवावे लागतात: वेदना औषधाने आवरते का, लघवी-शी होते का, ते खातं का, चोवीस तासांत काय बदललं. निर्णय एकट्या थकलेल्या माणसावर सोडू नये.

औषधांचा साठा हा शेवटचा अडथळा. भूल देण्यासाठी सर्रास वापरलं जाणारं केटामाइन शेड्यूल एक्समध्ये असल्यामुळे परवाना, कुलूप, नोंदवही सगळं लागतं. छोट्या संस्थेला ते जमत नाही आणि मग जखमी जनावर अर्धवट भुलीत शिवलं जातं. सर्पदंशावर माणसांना दिलं जाणारं, घोड्यांपासून बनवलेलं प्रतिविषच जनावरांनाही देतात. त्याच्या कुप्या महाग असतात आणि एका कुत्र्याला कितीतरी लागतात. त्या कुठल्या सरकारी रुग्णालयातून, कुणाच्या सहीने मिळतील, हे पावसाळ्याच्या आधी विचारून ठेवणारी शेल्टरं वेळेवर उपचार करू शकतात.

पैशाचा ओघही बदलायला हवा. महापालिका संस्थांना पैसे देतात ते बहुधा दर नसबंदीमागे. अपघात, पार्व्हो, अळ्या यांचा खर्च देणग्यांतून निघतो आणि देणग्या येतात त्या रडवणाऱ्या फोटोंवर. रात्री बसणाऱ्या माणसाच्या पगाराचा फोटो काढता येत नाही, ब्लीचच्या कॅनचाही नाही. न्यायालयाच्या आदेशामुळे महापालिका आता नवी केंद्रं बांधायला निघाल्या आहेत, निविदा निघतील, करार होतील. करारात चौरस फुटांसोबत चार ओळी घालण्याची हीच वेळ आहे: आजारी जनावरांसाठी स्वतंत्र दार असलेला वेगळा कक्ष, आल्याआल्या लस, दर बत्तीस जनावरांमागे किमान एक माणूस, आणि रात्री दहा ते सकाळी सहा पगारी, लस घेतलेला, प्रशिक्षित कर्मचारी, ज्याच्याकडे पशुवैद्यकाचा नंबर आणि औषधाच्या कपाटाची किल्ली असेल. या ओळी करारात नसतील तर पुढच्या वर्षीच्या लेखापरीक्षणात त्यांचा खर्चही मागता येणार नाही.